कादंबरी पडद्यावर जाते तेव्हा...

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत एक गृहस्थ हटकून असतातच. हातात गाडीची किल्ली, मागे बायको-मुले, आणि तोंडी एकच वाक्य : “बरा आहे सिनेमा, पण पुस्तकाची सर नाही!” बायको म्हणते, “तुम्ही पुस्तक कधी वाचलंत?” गृहस्थ गाडी शोधू लागतात.

हसू नका, वाचकहो. कित्येक वर्षे त्या गृहस्थांच्या जागी मीच होतो. फरक एवढाच की मी पुस्तक वाचलेले असे, आणि त्यामुळे माझा तोरा दुप्पट असे. मराठी शिकवणे हा माझा पेशा. कादंबरीवर चित्रपट निघाला की आपल्या लेकीला सासरी कसे वागवतात हे पाहायला निघालेल्या बापासारखा मी तिकीट काढून जायचो आणि उणीदुणी मोजत परतायचो. अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र कापले, शेवट बदलला! माझ्या दृष्टीने खटल्याचा निकाल आधीच लागलेला असे.

आता वाटते, मी आरोपच चुकीचा ठेवत होतो. प्रसंग गाळल्याशिवाय चित्रपट होतच नाही. तीनशे पानांची कादंबरी आपण आठवडाभर पुरवून वाचतो. चित्रपटाला सारा कारभार दोन-अडीच तासांत आटोपायचा असतो. तेव्हा काय गाळले हा प्रश्न शिंप्याला ‘कापड का कापलेस?’ म्हणून विचारण्यासारखा आहे. विचारायचे ते हे, की अंगरखा अंगाला बसला की नाही?

आपल्याकडचे एक जुने उदाहरण घेऊ. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभातने 1937 साली ‘कुंकू’ काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली तरुण नीरा त्याला नवरा म्हणून पत्करायचेच नाकारते, ही कथा. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब ज्यांनी पाहिले, ते त्यांना विसरले नाहीत. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे आहेत. भिंतीवरचे जुने घड्याळ काकासाहेबांच्या सरत्या वयाची आठवण देत राहते. कादंबरीकाराला जे म्हाताऱ्याच्या मनात शिरून सांगता येते, ते इथे एका लंबकावर सोपवले आहे. आणि गंमत पाहा, आज ‘कुंकू’ आठवणारे पुष्कळ भेटतात. ‘न पटणारी गोष्ट’ वाचलेला माणूस मात्र शोधावा लागतो. इथे चित्रपटानेच कादंबरीचे नाव जिवंत ठेवले.

‘श्यामची आई’चा मामला अधिक नाजूक. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, अशी बेचाळीस रात्रींची त्याची मांडणी. आई केव्हाच गेलेली आहे. म्हणून त्या प्रत्येक रात्रीला पश्चात्तापाची किनार आहे. आईचे मोल लेकराला कळले ते फार उशिरा. आचार्य अत्रे यांनी 1953 साली त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाईंची आई, माधव वझे यांचा श्याम. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान याच चित्रपटाला मिळाला. गुरुजी मात्र 1950 सालीच गेले होते. पडद्यावरची आपली आई त्यांना पाहता आली नाही.

लहानपणी दूरदर्शनवर हा चित्रपट मी आजीच्या मांडीला टेकून पाहिला. आजी पदर डोळ्यांना लावून बसली होती आणि मी तिच्याकडे पाहून रडत होतो. पुढे पुस्तक शिकवायला घेतले तेव्हा ध्यानात आले की दोन्हीकडचे रडू वेगळे आहे. पडद्यावर आई आपल्यासमोर प्रत्यक्ष वावरते, रागावते, जवळ घेते. आपण आईसाठी रडतो. पुस्तकात ती फक्त आठवणीत आहे, आणि आपण रडतो ते श्यामसाठी, किंबहुना स्वतःसाठी. बरोबर सत्तर वर्षांनी, 2023 साली, सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा कृष्णधवल चित्रपट केला, आणि त्यात मोठेपणीचे साने गुरुजीही पडद्यावर आणले. आई तीच, पण आता आठवण सांगणाराही समोर आला.

इथे मला माझ्या कोड्याची किल्ली सापडली. कादंबरी म्हणजे नुसती गोष्ट नव्हे. ती कुणीतरी सांगितलेली गोष्ट असते. सांगणाऱ्याचा आवाज हा तिचा प्राण. चित्रपटात गोष्ट येते, माणसे येतात, गावे येतात. कठीण जाते ते त्या आवाजाला पडद्यावर आणणे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचताना आपण आणीबाणीच्या दिवसांत नववीत शिकणाऱ्या मुकुंदाच्या डोक्यात जाऊन बसतो; मास्तरांबद्दल, मित्रांबद्दल, शिरोडकरबद्दल तो मनात जे बोलतो, त्यातच सारी गोडी. डहाके यांच्याच 2012 च्या चित्रपटाला ती बडबड पुरी घेता आली नाही. पण वर्गात चोरून टाकलेल्या एका दृष्टिक्षेपाने त्याने तिची पुष्कळशी भरपाई केली.

कधी उलटेही होते. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून जब्बार पटेल यांनी 1979 साली एक चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन कादंबऱ्यांतली केवढी तरी मुंबई त्यात मावली नाही. पण सत्तेचा सारा बाजार उघड्या डोळ्यांनी पाहिलेला पत्रकार दिगू अखेरीस भान सुटल्यासारखा हसतो. निळू फुले यांचे ते हसणे ऐकल्यावर कादंबरी पुन्हा हाती घेतली, तर पानांतूनही तेच ऐकू येते. चित्रपट कादंबरीला असा काही परत देऊन जातो.

मग अन्याय कधी होतो? लेखकाने विचारलेला अवघड प्रश्न प्रेक्षक नाराज होतील म्हणून सोपा केला जातो तेव्हा. दुष्काळातल्या नायिकेच्या लुगड्याची इस्त्री मोडत नाही, मरणाच्या दारातला बाप गाणे पुरे करून मगच डोळे मिटतो, तेव्हा. प्रसंग बदलला म्हणून बिघडत नाही. प्रश्न बदलला की बिघडते.

एवढे शहाणपण मला काही आपोआप आले नाही. ते एका विद्यार्थ्याने शिकवले, आणि त्याची फी त्यालाच भरावी लागली.

व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची ‘बनगरवाडी’ आम्हांला अभ्यासाला होती. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे नव्याने नेमलेला पोरसवदा मास्तर, म्हातारा कारभारी, गावाने उभारलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेली घरे. ती सारी गोष्ट मास्तरच सांगतो. अंतर्गत परीक्षेत मी या निवेदकाविषयीच प्रश्न घातला होता. एका मुलाने तीन पाने भरून माळ, मेंढरे, कारभाऱ्याचा सुरकुतलेला चेहरा यांचे वर्णन केले होते. निवेदकाचे नाव नाही. शिवाय जागोजाग ‘दाखवले आहे’. मास्तर दाखवला आहे, दुष्काळ दाखवला आहे! अमोल पालेकर यांच्या 1995 च्या चित्रपटावरून लिहिलेले उत्तर मी तिथेच पकडले. वीसपैकी सहा गुण आणि लाल शाईत शेरा : ‘कादंबरी वाचावी.’

मुलगा स्टाफरूममध्ये आला. आटपाडीकडचा, अंगाने काटक, आवाजाने मऊ.

“सर, खरं सांगतो, पुस्तक नाही वाचलं. पिक्चर बघितला, दोनदा.”

“दोनदा पाहायला वेळ होता, आणि एवढंसं पुस्तक वाचायला नव्हता?”

“वडलांसाठी बघितला, सर. मोबाइलवर. आमची मेंढरंच हायती. वडलांना वाचाया येत नाही. एकदा बघून झाला तर म्हणाले, पुन्यांदा लाव.”

मी जरा वरमलो. पण मास्तरकी सुटते थोडीच? म्हटले, “मग दिवाळीच्या सुटीत पुस्तक ने आणि त्यांना वाचून दाखव.” ग्रंथालयातली प्रत माझ्या नावावर काढून दिली.

सुटीनंतर तो पुस्तक परत करायला आला. पानांत माती होती. चार रात्रींत वाचून झाले, म्हणाला. मी विचारले, “वडिलांना काय आवडलं, पुस्तक की सिनेमा?” बाहेर पडलेल्या त्या गृहस्थांचाच हा प्रश्न!

तो थोडा थांबून म्हणाला, “वडील म्हणाले, पिक्चरमधी आपली माणसं दिसली. आपल्यासारखी माणसं टीव्हीत दिसत्यात, हेच त्यांना नवल. पण पुस्तक ऐकताना एका ठिकाणी मला थांबवलं. म्हणाले, म्हंजी मास्तरबी आतनं भ्यालेला असतो व्हय? वडील दुसरीत असताना मास्तरांच्या भीतीनं शाळंतनं पळाले, सर. परत गेलेच नाहीत.”

पंधरा वर्षे मी ‘बनगरवाडी’ शिकवत आलो आहे. निवेदकाचे स्थान, त्याचे तटस्थ तरी जिव्हाळ्याचे निरूपण, असे पुष्कळ शब्द मी फळ्यावर लिहिले आहेत. त्या निवेदकाची गरज काय, हे मात्र वाचता न येणाऱ्या त्या माणसाने एका वाक्यात सांगितले. चित्रपटाने त्याला त्याची वाडी दाखवली. कादंबरीने त्याला मास्तराच्या पोटात नेले. आणि चित्रपट आधी पाहिला नसता, तर पुस्तक ऐकायला तो बसलाच नसता.

तेव्हापासून मी वर्गात कादंबरी आणि चित्रपट दोन्ही घेतो, आणि पोरांना विचारतो : इथे गोष्ट कोण सांगते आहे, आणि तिथे कोण? उत्तरे फार चांगली येतात. घरी तुम्हीही करून पाहा. यंदाच्या सुटीत मुलांनी एखादा असा चित्रपट लावला, तर तोरा न दाखवता शेजारी बसा आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक त्यांच्या हाती द्या.

राहता राहिली त्या मुलाच्या गुणांची गोष्ट. तो पुस्तक परत करायला आला, तोवर गुणपत्रक कार्यालयात गेले होते. सहाचे सहाच राहिले. कादंबरीला न्याय मिळतो की नाही, म्हणून आयुष्यभर भांडणाऱ्या या मास्तराकडून एवढा एक न्याय करायचा राहून गेला.