कुत्र्याचा पाठलाग, मांजराचा माळा

मांजर दिसताच घरचा कुत्रा धावतो तो बहुधा वैरामुळे नव्हे, तर पळत्या वस्तूमागे जाण्याच्या शिकारी सहजप्रवृत्तीमुळे. म्हणूनच येथे प्रतिअभिसंधान, म्हणजे एखाद्या उद्दीपकाला मिळणारा जुना प्रतिसाद पुसून त्या जागी नवा रुजवण्याची पद्धत, उपयोगी पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका मुलाला आवडीचा खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला व त्याची भीती घालवली, हा प्रयोग १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याच्या बाबतीत भीतीऐवजी उतावीळपणा असतो, एवढाच फरक. मांजर दिसेल पण साखळी ताणली जाणार नाही इतक्या अंतरावर त्याला बसवावे, त्याने नजर वळवून मालकाकडे पाहिले की तत्क्षणी खाऊ द्यावा आणि अंतर क्रमाने घटवावे. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो तेव्हा दोन्ही प्राणी कूलरसमोरच्या एकाच फरशीवर हक्क सांगतात, त्यामुळे सराव पहाटेच्या गारव्यात करणे आणि मांजराचे खाणे व बसणे उंच फळीवर ठेवणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात कवेलूंखालचा माळा मात्र तापतो, तो टाळावा. मारहाणीने काम बिघडते, कारण कुत्रा त्या वेदनेचा संबंध मांजराशीच जोडू शकतो. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार अनावश्यक वेदना देणारी मारहाण गुन्हा आहे. तीन ते बारा आठवड्यांच्या वयात मांजरांचा सहवास लाभलेल्या पिल्लाला यातले फारसे काही शिकवावे लागत नाही.