खिडकी मिटली तरी ब्राऊझर जागाच

लोणावळा-मावळात पावसाळी दिवसांत वीज गेली, की लॅपटॉपची बॅटरी पुरवून वापरावी लागते. अशा वेळी ब्राऊझरची खिडकी बंद करून आपण निर्धास्त होतो. मात्र, ब्राऊझर खरोखरच थांबलेला असतो असे नाही. विंडोजवर क्रोम आणि एज या दोहोंना खिडकी मिटल्यानंतरही पडद्याआड चालू राहण्याची मुभा असते. संकेतस्थळांच्या सूचना मिळाव्यात, एक्स्टेन्शनचे काम खंडित होऊ नये, हा त्यामागील हेतू. एजमध्ये २०२१ साली आलेली 'स्टार्टअप बूस्ट' ही सोय तर संगणक सुरू होताच ब्राऊझरचा काही भाग मेमरीत आणून ठेवते. खिडकी झटकन उघडते ती त्यामुळेच.

कार्ला-मळवली परिसरात पर्यटकांना खोल्या देणाऱ्याला शनिवार-रविवारच्या आरक्षणाची सूचना तत्काळ मिळणे मोलाचे असते. त्याने हे जागरण खुशाल चालू ठेवावे. बॅटरीवर काम उरकणाऱ्या, त्यातही मोबाइलचे इंटरनेट वापरणाऱ्या पाहुण्याला मात्र ते परवडत नाही. मेमरी अडून राहते, थोडाफार डेटाही खर्ची पडतो. त्याने सेटिंग्जमधील 'सिस्टिम' विभागात जाऊन ही मुभा काढून घ्यावी. त्यानंतर ब्राऊझर बंद करून टास्क मॅनेजर उघडावा. यादीत त्याचे नाव अजूनही दिसते का, ते तिथे कळते.