लग्न तिकडे झाले, नोंद कुठे करायची?

आपल्या जालना जिल्ह्यातून माणूस बाहेर पडायचा तो ऊसतोडीला, नाहीतर मुंबई-पुण्याला पोट भरायला. त्या पिढीची मुले शिकली. आज घनसावंगी, परतूर, मंठ्याच्या वस्त्यांतली मुले-मुली दुबई-मस्कतला कामाला जातात, कुणी जर्मनीत शिकते, कुणी जपान-ऑस्ट्रेलियात कंपनीत लागते. वय झाले की तिकडेच लग्न जुळते. कधी जोडीदार आपल्यातला असतो, कधी परदेशी. गावात पेढे वाटले जातात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु वर्ष-दोन वर्षांनी तेच आई-वडील परक्या भाषेतला एक कागद हातात घेऊन आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना विचारतात, "दादा, याची आपल्या सरकारात नोंद कुठे होते?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर वेळेवर माहीत नसल्यामुळे घरेच्या घरे हेलपाटे घालतात. म्हणून हा लेख.

दोन गैरसमज

पहिला गैरसमज असा, की तिकडच्या कचेरीत लग्न नोंदले म्हणजे ते आपोआप आपल्या सरकारला कळते. तसे नाही. परदेशी कचेरी आपल्या तहसीलला किंवा महापालिकेला काही कळवीत नाही. कळवायचे काम नवरा-बायकोचे.

दुसरा गैरसमज याच्या उलट. नोंद नाही म्हणजे लग्नच नाही, असे काहींना वाटते आणि सुनेकडे पाहण्याची नजर बदलते. हेही चूक. नोंद हा लग्नाचा पुरावा आहे, नोंद म्हणजे लग्न नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. तेव्हाही न्यायालयाने म्हटले की नोंद हा एकमेव पुरावा नसला तरी त्याचे वजन मोठे आहे. ज्या बाईला कोर्टात आपण बायको असल्याचे सांगावे लागते, तिला हे वजन किती असते ते विचारा.

मराठवाड्यातल्या आपल्या आजी-आजोबांकडे लग्नाचा कागद नव्हता. फार तर लग्नपत्रिका आणि चार पंचांचा शब्द. गावात तेवढ्यावर भागत होते, कारण गाव ओळखत होते. विमानतळावरचा अधिकारी पंचांना ओळखत नाही. तो कागद मागतो.

१९६९ चा कायदा

परदेशात होणाऱ्या लग्नासाठी आपल्या संसदेने स्वतंत्र कायदा केलेला आहे. त्याचे नाव परदेशी विवाह कायदा, १९६९. त्या देशातील भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात या कायद्याखाली एक विवाह अधिकारी नेमलेला असतो. दोघांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असला पाहिजे, एवढी पहिली अट. धर्म, जात, देश कोणताही चालतो. या कायद्यात दोन वाटा आहेत.

पहिली वाट, लग्नच दूतावासात लावायचे. त्यासाठी दोघांपैकी एकाने तरी नोटीस देण्यापूर्वी सलग ३० दिवस त्या विवाह अधिकाऱ्याच्या हद्दीत राहिलेले असावे. नोटीस प्रसिद्ध होते, आक्षेपासाठी ३० दिवसांची मुदत जाते, मग तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे, आणि दोघांपैकी कुणाचाही पहिला जोडीदार हयात नको. मात्र त्या देशाच्या कायद्याला असा विवाह चालत नसेल तर विवाह अधिकारी नकार देऊ शकतो. म्हणून तारीख धरण्याआधी दूतावासात चौकशी करावी.

दुसरी वाट आपल्या बहुतेक मुलांच्या कामाची आहे. लग्न त्या देशाच्या कायद्याने, तिकडच्या नोंदणी कचेरीत झाले असेल, तर याच कायद्याच्या १७ व्या कलमाखाली भारतीय दूतावासात त्याची नोंद करून घेता येते. अटी त्याच. नोंद झाली की त्या दिवसापासून तो विवाह भारतीय कायद्याखाली लागलेला आहे असे धरले जाते, आणि पुढे घटस्फोट, पोटगी असा प्रश्न आला तर आपल्या न्यायालयात विशेष विवाह कायद्यातील तरतुदी लागू होतात.

येथे एक गोष्ट ठळक सांगतो. ही नोंद तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे होते, जालन्यात नव्हे. म्हणून मुलगा-मुलगी तिकडे असतानाच हे काम उरकावे. नोकरी संपवून, गाशा गुंडाळून परत आल्यावर आठवण झाली, तर तोच कागद दहापट अवघड होतो.

मामाच्या मुलीचे काय?

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी रीत आहे. १९६९ चा कायदा नात्यांबाबत विशेष विवाह कायद्याच्याच वळणाने जातो आणि त्या यादीत हे नाते निषिद्ध आहे. परंतु दोघांपैकी एकाला लागू असलेली रूढी अशा विवाहाला मान्यता देत असेल, तर १९६९ च्या कायद्यात सूट ठेवलेली आहे. म्हणून नाते लपवू नये. ते सांगावे आणि रूढीचा आधार दाखवावा. लपविलेले नाते पुढे सासर-माहेरच्या भांडणात बाहेर येते आणि तेव्हा त्याची किंमत मुलीला मोजावी लागते.

गावी पुन्हा मंगल परिणय

परदेशात कचेरीत सह्या झाल्या तरी आई-वडिलांची हौस असते. सुटीवर आले की गावी बौद्ध पद्धतीने विधी होतो, पंगती उठतात. यात गैर काही नाही. गडबड होते ती पुढे. कुणीतरी म्हणते, आता ग्रामपंचायतीतूनही दाखला काढून ठेवा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते, आणि गावात ती ग्रामपंचायतीत, शहरात पालिकेत होते. अर्ज भरताना लग्नाची तारीख म्हणून गावच्या विधीची तारीख पडते. झाले! एकाच जोडप्याच्या लग्नाच्या दोन तारखा, दोन ठिकाणे, दोन दाखले. मग व्हिसा देणारा अधिकारी विचारतो, यातले खरे कोणते?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कायद्याने लग्न एकदाच लागते. ते परदेशात लागले असेल तर त्याचीच नोंद दूतावासात करावी, आणि गावचा कार्यक्रम हा आनंदाचा सोहळा म्हणून करावा. संस्थेकडून मिळणारे विवाहाचे प्रमाणपत्र जपून ठेवण्यासारखे आहे, पण ते सरकारी नोंदणीच्या जागी चालत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आणि ज्यांना गावीच लग्न लावायचे आहे त्यांनी तिकडे कचेरीत आधी सह्या करू नयेत. गावी लग्न, गावी नोंदणी, तोच दाखला परदेशात वापरावा.

शिक्का, भाषांतर आणि नावे

एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर 'अपोस्टिल' नावाचा शिक्का लागतो. भारत या आंतरराष्ट्रीय करारात १४ जुलै २००५ पासून आहे. परदेशातील दाखल्यावर हा शिक्का त्याच देशातील अधिकारी मारतो. आपल्या दाखल्यावर आधी मुंबईत राज्य शासनाकडून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असा क्रम आहे. आखातातील काही देश या करारात नाहीत. तेथे त्या देशाचे परराष्ट्र खाते आणि आपला दूतावास अशी साक्षांकनाची साखळी पुरी करावी लागते. दाखला इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडावे.

खरा घोळ नावांचा असतो. शाळेच्या टी.सी.वर एक नाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर आडनावाच्या जागी बापाचे नाव. आपल्या समाजात अनेक घरांनी जुनी, हिणवणारी नावे-आडनावे टाकून नवी घेतली. ते योग्यच केले. पण राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घेतला नसेल तर तोच अभिमान कचेरीच्या खिडकीवर अडतो. मुलगा विमानात बसण्यापूर्वी हे दुरुस्त करून घ्यावे. आणखी एक. लग्नानंतर बायकोने नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. ज्या नावाने पदवी आणि पासपोर्ट आहे तेच नाव ठेवले तर निम्मे हेलपाटे वाचतात.

परदेशातील कचेऱ्या बहुधा अविवाहित असल्याचा पुरावाही मागतात. त्यासाठी येथे प्रतिज्ञापत्र करून त्यावर वरीलप्रमाणे साक्षांकन घ्यावे लागते. आमच्या पाहण्यात एका घराला केवळ या कागदासाठी एका कचेरीने चार वेळा परत पाठविले. दर वेळी नवे कारण. असे झाले तर कारण लेखी मागावे. लेखी मागितले की बरीच कारणे गळून पडतात.

नोंदीवर काय काय अवलंबून आहे?

परदेशी सून किंवा जावई इकडे आणायचा तर व्हिसासाठी दाखला लागतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आल्यास परदेशी नागरिक म्हणून जिल्हा पोलीस अधीक्षकांकडील नोंदणीचाही नियम पाहावा. पुढे 'ओसीआय' कार्ड हवे असेल तर नागरिकत्व कायद्यातच अट आहे की विवाह नोंदलेला असावा आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा. नोंद उशिरा झाली तर कार्डही लांबते.

मुलांचा प्रश्न त्याहून मोठा. ३ डिसेंबर २००४ पासून, परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदवला तरच ते मूल वंशाने भारतीय नागरिक होते. नंतर नोंदवायचे तर केंद्र सरकारची परवानगी लागते. त्या वेळी आई-बापाच्या लग्नाचा कागद तयार असला म्हणजे काम सरळ होते.

आणि सर्वांत मोठा प्रश्न टाकलेल्या बाईचा. नवरा परदेशात निघून गेला, तिकडच्या कोर्टातून घटस्फोटाचा कागद पाठविला, अशा कहाण्या थोड्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले की ज्या कायद्याखाली लग्न लागले त्या कायद्यात न बसणाऱ्या कारणावर, बायकोला बाजू मांडण्याची खरी संधी न देता मिळवलेला परदेशी घटस्फोट भारतात बंधनकारक नाही. २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. परंतु या सर्व दारांवर पहिला प्रश्न एकच, लग्नाचा पुरावा काय?

अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी ३० दिवसांत सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. ते कायद्यात उतरले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात सक्तीच्या नोंदणीसह सर्वंकष कायद्याची शिफारस केली. कायदा होईल तेव्हा होईल. आपल्या लेकीची सोय तोवर आपणच करायची आहे.

कागदाला नावे ठेवणाऱ्यांना आम्ही एक आठवण देतो. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजे पुढच्या माईसाहेबांशी, विवाह केला तो नोंदणी पद्धतीने. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाला कायद्याच्या नोंदीचे मोल माहीत होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी या आठवड्यात फोनवर एवढेच विचारावे: तिकडचा विवाह दाखला मूळ प्रतीत जवळ आहे का? त्यावर शिक्का झाला का? दूतावासात १७ व्या कलमाखाली नोंद केली का? बाळ झाले असेल तर वर्ष पुरे होण्याआधी त्याची नोंद झाली का? आणि या सर्व कागदांच्या साक्षांकित प्रती सुनेच्या माहेरीही ठेवाव्यात. एकाच कपाटातला कागद भांडणाच्या दिवशी सापडत नाही. दोन घरांत ठेवलेला सापडतो.