देश बदलला, तालीम तीच

देश सोडून जाणारा माणूस बरोबर काय नेतो? घरदार, नोकरी, नावलौकिक मागेच राहतो. हातातली विद्या मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही, असे आपण म्हणतो. जिम्नॅस्टिक्सचे प्रशिक्षक बेला कारोली यांची हकीकत वाचल्यावर मला या म्हणण्याची दुसरी बाजूही दिसली.

बेला आणि त्यांच्या पत्नी मार्टा हे रुमानियातील हंगेरियन भाषिक दांपत्य. त्यांची शिष्या नादिया कोमानेची हिने १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, कमी-अधिक उंचीच्या दांड्यांवर दहापैकी दहा गुण मिळविले. गुणफलकावर दहा दाखविण्याची सोयच नव्हती, तेथे १.०० असा आकडा झळकला! पुढे १९८१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना हे दांपत्य न्यूयॉर्कमध्ये संघापासून वेगळे झाले आणि मायदेशी परतलेच नाही. लहान मुलगी रुमानियातच होती. ती काही महिन्यांनी येऊन मिळाली. बेलांना इंग्रजी धड येत नव्हते. गोदीत आणि उपाहारगृहात अंगमेहनतीची कामे करून त्यांनी सुरुवातीचे दिवस काढले.

मग हा माणूस तीन वर्षांत पुन्हा उभा कसा राहिला? उत्तर या खेळाच्या शिकवणीत आहे. अवघड उडी एकदम शिकवीत नाहीत. तिचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भाग शेकडो वेळा घोटून घेतात. प्रशिक्षक कमरेला हात देतो आणि अंग तयार झाले की तो हात काढून घेतो. मल्लखांब शिकलेल्या मित्रांना हे वेगळे सांगायला नको. येथे भाषेचे बरेचसे काम हातच करतो. ह्यूस्टनमध्ये तयार झालेल्या मेरी लू रेटनने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सर्वसाधारण सुवर्णपदक पटकाविले, तेही रुमानियाच्याच एकातेरिना साबोला ०.०५ गुणाने मागे टाकून.

पण विद्येबरोबर तिची रीतही प्रवास करते. लहान, हलके शरीर हवेत चटकन फिरते. म्हणून या खेळात मुलींना सहाव्या-सातव्या वर्षीच आणतात. एवढ्या वयात प्रशिक्षकाचा शब्द म्हणजे कायदा. खाण्यावर नजर, कठोर बोल, दुखणे गिळण्याची सक्ती, अशा तक्रारी त्यांच्या काही शिष्यांनी पुढे उघडपणे केल्या. १९९६ मध्ये अटलांटा येथे केरी स्ट्रगने घोटा दुखावलेला असताना दुसरी उडी मारली आणि तिचा जयजयकार झाला. नंतर बेरीज केली, तेव्हा त्या उडीवाचूनही सांघिक सुवर्णपदक मिळाले असते असे दिसले.

टेक्सासमधील कारोलींच्या रँचवर राष्ट्रीय संघाची शिबिरे भरत. संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने तेथेही आपल्यावर अत्याचार केले, असे अनेक खेळाडूंनी सांगितले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कारोली दांपत्याचे म्हणणे होते. २०१८ मध्ये अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघटनेने त्या रँचशी असलेला करार संपविला. बेला २०२४ मध्ये निवर्तले.

त्यांच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. तथापि ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी मायदेश सोडला, त्यातील थोडेसे, निदान ‘दुखते आहे’ म्हणून थांबण्याइतके, त्यांच्या तालमीतील मुलींच्या वाट्याला यायला हवे होते, असे मला वाटते. आपल्या मैदानांवरही शिस्त हवी यात वाद नाही. पण त्या शिस्तीत मुलाला ‘नाही’ म्हणायला जागा आहे का, एवढे प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने पाहावे.