कृष्णाकांठचा आदिमानव

उन्हाळ्यांत कृष्णेचें पाणी ओसरलें म्हणजे वाई-कराडपासून सांगलीपर्यंत तिच्या दरडी उघड्या पडतात. अशा दरडीसमोर उभें राहून तिच्याकडे नीट पाहावें. माथ्यावर पिकाची काळी माती असते; तिच्याखालीं पिवळसर पोयटा व त्यांत चुनखडीचे पांढरे खडे; आणि कोठें कोठें अगदीं तळाशीं, कातळाला टेकून, गोटे व वाळू यांचा आवळून बसलेला थर दिसतो. आपण तो पाहतों आणि पुढें जातों. परंतु आशिया खंडांत मनुष्यानें प्रथम पाऊल केव्हां ठेवलें, या प्रश्नाचें उत्तर शोधणारे संशोधक अशाच थरांचा माग काढीत हिंडत असतात. त्या काळचा शिलालेख नाहीं, ताम्रपट नाहीं, मडक्याचें खापरसुद्धां नाहीं. उरला आहे तो माणसानें फोडलेला दगड.

मनुष्यजातीचें माहेर आफ्रिका होय, असें आज बहुतेक सर्व विद्वान मानतात. तेथें केनिया देशांत लोमेक्वी या ठिकाणीं ३३ लाख वर्षांपूर्वींचीं दगडी हत्यारें सांपडलीं आहेत. आशियांतील अतिप्राचीन पुराव्यांपैकीं चीनमधील शांगचेन येथील हत्यारांचें वय सुमारें २१ लाख वर्षें ठरविण्यांत आलें आहे. आणि कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, जॉर्जियांतील द्मानिसी येथें, सुमारें १८ लाख वर्षांपूर्वींच्या माणसांच्या कवट्याच मिळाल्या आहेत. एका बाजूस आफ्रिका, दुसऱ्या बाजूस चीन, आणि मध्यें आपला देश. तेव्हां मनुष्य येथें केव्हां आला, हा प्रश्न ओघानेंच येतो.

आपल्याकडे या शोधाचा आरंभ १८६३ सालीं झाला. त्या वर्षीं ३० मे रोजीं रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञास मद्रासजवळ पल्लावरम येथें माणसानें घडविलेला दगड मिळाला, आणि कांहीं महिन्यांतच अत्तिरंपक्कम हें दुसरें ठिकाण उजेडांत आलें. पुढें जवळजवळ दीडशें वर्षांनीं, २०११ मध्यें, शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अत्तिरंपक्कमच्या हातकुऱ्हाडींचें वय सुमारें १५ लाख वर्षें असल्याचें प्रसिद्ध केलें. दगडाचें वय कसें काढतात, असें आपण विचाराल. उघड्यावर पडलेल्या दगडांत अंतराळांतून येणाऱ्या किरणांमुळें कांहीं विशिष्ट अणु तयार होतात. तो दगड खोल गाडला गेला कीं तें काम थांबतें व झालेले अणु ठराविक गतीनें क्षीण होऊं लागतात. त्यांतले किती उरले हें मोजलें, म्हणजे दगड केव्हां गाडला गेला याचा अंदाज बांधतां येतो.

आतां आपल्या नदीकडे वळूं. सांगलीहून निघालेली कृष्णा नरसोबाच्या वाडीवरून पुढें कर्नाटकांत, बेळगांव जिल्ह्यांत, शिरते. तेथें तिच्या कांठीं येडूरवाडी येथें अशाच गोट्यांच्या थरांत आदिमानवाचीं हत्यारें मिळालीं. थरांतील चुनखडीची परीक्षा थोरियम-युरेनियम पद्धतीनें झाली व ती साडेतीन लाख वर्षांहून जुनी ठरली. या पद्धतीची धांव साधारण तेवढीच असल्यामुळें, याहून किती जुनी, हें ती सांगूं शकत नाहीं. प्रवरेकांठच्या नेवाशाचीही हीच गोष्ट आहे. ज्ञानेश्वरीमुळें पावन झालेल्या या गांवीं डॉ. सांकळिया यांनीं १९५४ पासून उत्खनन केलें, आणि तेथील अश्मयुगाची महती सर्वांस कळली.

येथें एक शंका रास्त आहे. दगड पुरांतही आपोआप फुटतो. मग माणसानें फोडलेला कोणता, हें कसें ओळखावें? पुरांत फुटलेल्या दगडावर घाव वाटेल तेथें, वाटेल त्या दिशेनें पडतात. हातकुऱ्हाडीचे छिलके मात्र कडेपासून मध्याकडे, दोन्ही अंगांनीं, क्रमानें काढलेले असतात. त्यामुळें तिला बदामासारखा आकार व सलग धार येते. शिवाय ठिसूळ, सच्छिद्र दगड टाकून घट्ट, बारीक कणांचा दगड निवडलेला असतो. ही निवड नदी करीत नाहीं.

हत्यार ओळखणें त्यामानानें सोपें. त्याचें वय ठरविणें कठीण. पुणें जिल्ह्यांत कुकडी नदीवर बोरी हें गांव आहे. तेथील दरडींत हत्यारें मिळालीं, तसाच ज्वालामुखीच्या राखेचा थरही मिळाला. आपल्या दख्खनचे ज्वालामुखी तर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे. ही राख सुमात्रा बेटांतील तोबा ज्वालामुखीची, समुद्र ओलांडून आलेली, असें मानलें जातें. राखेचें वय कळलें म्हणजे प्रश्न सुटला, असें वाटलें. १९८९ मध्यें तें १४ लाख वर्षें निघालें. १९९५ मध्यें दुसऱ्या पद्धतीनें तें ६ लाख ७० हजार ठरलें. आणि त्याच वर्षीं राखेची रासायनिक घडण तपासून अन्य संशोधकांनीं ती अवघ्या ७५ हजार वर्षांपूर्वींच्या स्फोटाची असल्याचें प्रतिपादन केलें. राख पडली तेथेंच राहिली, कीं पुरानें दुसरीकडून आणून टाकली, हाही वाद झाला. २०१९ चा महापूर ज्यांनीं सांगलीस पाहिला, त्यांना पाणी काय उचलतें व कोठें नेऊन टाकतें, हें सांगावयास नको.

या वादांतून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. हत्यार राखेच्या खालीं होतें, राखेंत होतें, कीं वर होतें, यावरच सर्व निर्णय अवलंबून असतो. माणसाची हाडें मुबलक मिळालीं असतीं, तर गोष्ट निराळी. पण नर्मदाकांठीं हथनोरा येथें १९८२ मध्यें अरुण सोनकिया यांना मिळालेला कवटीचा भाग सोडला, तर इतक्या जुन्या माणसाची कवटी भारतांत हातीं आलेली नाहीं. दगड आणि त्याची जागा, हेच आपले साक्षीदार.

म्हणूनच हत्याराइतकेंच मोल त्याच्या थराला आहे. आज वाळूसाठीं, विटांच्या मातीसाठीं, इमारतींच्या पायासाठीं नदीकांठ यंत्रांनीं खोदले जातात. हातकुऱ्हाड टणक असते; खडीबरोबर ती ट्रकमध्यें गेली तरी मोडणार नाहीं. परंतु थरांतून ती सुटली कीं तिचें वय सांगण्याचें मुख्य साधन कायमचें गेलें.

शेतकरी बंधूंना व विद्यार्थ्यांना माझी विनंति आहे. असा दगड दरडींत दिसला, तर तो उपटून घरीं आणूं नये. जागच्या जागीं त्याचें छायाचित्र घ्यावें, माथ्यापासून तो किती खोल व कोणत्या थरांत आहे याची नोंद करावी, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजास किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावें. अजिंक्यताऱ्याचा एखादा बुरूज कोणीं पाडावयास घेतला, तर सारा सातारा धांवून जाईल. कृष्णेच्या दरडीचा तळचा थर त्या बुरुजाहून शेंकडों पटींनीं जुना असूं शकतो, आणि त्याच्यावर कुदळ पडतांना बहुधा कोणीच हजर नसतें.