स्वस्त आणि परवडणारे

मोटारीच्या ब्रेकवर लेख लिहिणार आहे असे सांगितले तेव्हा आमच्या संपादक मंडळातील विद्यार्थी हसले. "सर, यंदा आय.टी.आय.ला बदली झाली की काय?" असे एकाने विचारलेही. मी अर्थशास्त्र शिकवितो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध मिस्त्रीचे बिल चुकते करण्यापुरताच. तथापि हा विषय जितका यंत्राचा आहे तितकाच बाजाराचा आहे, अशी माझी आता खात्री झाली आहे. आपल्या भागात जुनी का होईना, पण चारचाकी पुष्कळ घरी आली आहे. गाडी घेताना आपण दहा जणांना विचारतो. तिचे ब्रेक बदलताना मात्र दुकानदार देईल ते घेतो. मीही तेच केले होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना, उसाचा हंगाम ऐन भरात. नांदेडहून चुडाव्याकडे परत येत होतो. गाडीत वडील, पत्नी आणि मुलगी. अंधार पडला होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असल्यामुळे पुन:पुन्हा वेग घ्यावा लागे आणि पुन:पुन्हा ब्रेक दाबावा लागे. एका ट्रॉलीला मागे दिवाच नव्हता. ती दिसताच मी पेडल दाबले. पेडल टणक लागले, पण गाडी हवी तशी आवरेना. दोन्ही पायांनी दाबले तेव्हा ती थांबली. ट्रॉलीबाहेर आलेले ऊस समोरच्या काचेपासून जेमतेम हातभर अंतरावर होते. गाडीत जळका वास भरला होता. वडील काही बोलले नाहीत. खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पुढची चाके उघडली. तीन महिन्यांपूर्वीच मी नवे ब्रेक पॅड बसविले होते. एका दुकानातून डब्याशिवाय, सुटे मिळाले होते, आणि चारशे रुपये वाचले म्हणून घरी कौतुकाने सांगितलेही होते. आता त्यांच्या कडा भुगा होऊन गळत होत्या आणि एका पॅडचा मसाला लोखंडी पट्टीपासून अर्धा सुटला होता. मिस्त्री म्हणाला, "सर, पॅड बदला एवढंच मी तुम्हाला म्हणलो होतो. डब्यातलेच आणा म्हणायचं राहून गेलं." चूक त्याची नव्हती. त्या दिवसापासून मी या विषयाची जी माहिती गोळा केली ती येथे देत आहे.

ब्रेक काय करतो?

ब्रेक गाडी थांबवितो हे खरे, पण कसा? धावत्या गाडीत साठलेली गतिज ऊर्जा तो घर्षणाने उष्णतेत बदलतो. चार माणसांसह ११०० किलो वजनाची लहान गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे २ लाख ७० हजार ज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी साध्या तापमानापासून जवळजवळ उकळीपर्यंत तापेल. गाडी एकदा थांबविली की ही सारी उष्णता काही क्षणांत चाकांजवळच्या थोड्याशा लोखंडात आणि पॅडमध्ये शिरते. पाठोपाठ पाच-सहा वेळा ब्रेक दाबला तर काय होत असेल याची कल्पना करावी.

आपल्या नेहमीच्या लहान गाड्यांत बहुधा पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब नळ्यांतून चाकापर्यंत पोचतो. पुढे दोन पॅड फिरत्या तबकडीला चिमटा घेतात. मागे अर्धगोल शू ड्रमला आतून दाबतात. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याचे बरेचसे काम पुढच्या पॅडना करावे लागते. हलक्या प्रतीच्या पॅडमधील मसाला तापला की त्याची पकड सुटते. पेडल टणक लागते, पण गाडी थांबत नाही. माझे नेमके तेच झाले होते. उलट पेडल मऊ लागून खाली जाऊ लागले, तर दोष बहुधा ऑइलचा असतो : ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते, किंवा नळीत हवा शिरलेली असते.

पकडीतील थोड्या फरकाने किती बिघडते? कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक ताशी ८० किलोमीटरवरून गाडीला सुमारे ३६ मीटरमध्ये थांबवू शकतात. पकड साधारण तीस टक्क्यांनी कमी पडली, तर तेच अंतर ५० मीटर होते. धोका दिसल्यापासून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी २२ मीटर आणखी संपतात, ते वेगळेच. ३६ आणि ५० यांमधील १४ मीटर म्हणजे चार लहान गाड्यांची लांबी. ए.बी.एस. असल्यावर चिंता नाही असे काही जण समजतात. २०१९च्या एप्रिलपासून आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे आहे. परंतु ते चाक जाम होऊ देत नाही, एवढेच. पॅडमध्ये नसलेली पकड ते आणणार कोठून?

पॅडमधला मसाला

या मसाल्याचा इतिहास बैलगाडीच्या जगातून सुरू होतो. इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाड्या उतारावर आवरण्यासाठी शेतकरी लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचा तळवा ठोकीत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ साली ब्रेकसाठी खास अस्तर तयार केले. आपल्या आडनावावरून त्याने 'फेरोडो' हे नाव केले. त्याच नावाची 'हिंदुस्थान फेरोडो' ही कंपनी पुढे मुंबईत घाटकोपरला होती. आज ती 'हिंदुस्थान कॉम्पोझिट्स' म्हणून ओळखली जाते आणि तिचा एक कारखाना आपल्या मराठवाड्यातच, पैठणला आहे.

पूर्वी या मसाल्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे, कारण ते उष्णता सोसते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोगासारखे असाध्य विकार होतात हे सिद्ध झाल्यावर नामांकित उत्पादकांनी दुसरे तंतू, धातूची भुकटी आणि राळ यांची मिश्रणे आणली. म्हणून डब्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉसविरहित' असे आहे का ते पाहावे. मिस्त्री हवेच्या झोताने ब्रेकची धूळ उडवू लागला, तर ओल्या फडक्याने पुसायला सांगावे. ते त्याच्याही हिताचे आहे.

बाजाराची गाठ

आता माझ्या विषयाकडे येतो. चांगला पॅड आणि वाईट पॅड हातात घेतले तर दोन्ही सारखेच काळे दिसतात. गुण कळतो तो तापल्यावर, आणि तोही रस्त्यावर. विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचे काय होते, याचे विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात केले. उदाहरण होते जुन्या मोटारींचे. गिऱ्हाइकाला पारख नसली की तो चांगल्या मालालाही पुरती किंमत देत नाही. मग चांगला माल बाजारातून मागे हटतो आणि वाईट तेवढा उरतो. याच विषयावरील कामासाठी २००१ साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आम्ही हा सिद्धांत वर्गात शिकवितो आणि संध्याकाळी सुटे पॅड विकत घेतो!

यावर उपाय 'महाग तेच घ्यावे' हा नव्हे. गाड्या बनविणारे कारखाने पॅड बहुधा स्वत: तयार करीत नाहीत, ते ब्रेकच्या खास उत्पादकांकडून घेतात. ब्रेक्स इंडिया, राणे आणि सुंदरम ही या धंद्यातील जुनी नावे, तिन्ही चेन्नईची. असे उत्पादक आपला माल स्वत:च्या नावाच्या डब्यातही खुल्या बाजारात विकतात, आणि तो पुष्कळदा गाडीच्या कंपनीच्या डब्यापेक्षा कमी किमतीत मिळतो. मला जे परवडणारे वाटते ते हेच. 'बाहेरचा पार्ट लावू नका' असा धाक घातला जातो तेव्हा हेही ध्यानात असावे, की सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. दंडाचा वाद पुढे वरच्या न्यायपीठांपुढे गेला. पण खुल्या बाजारातून चांगला भाग घेणे हा गिऱ्हाइकाचा रास्त हक्क आहे हे त्यातून स्पष्ट झाले. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र तिच्या अटी आधी वाचाव्यात.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, डबा. सीलबंद असावा, त्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, भागाचा क्रमांक, तुकडी, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असावी. डब्यावरचा क्रमांक पॅडच्या लोखंडी पट्टीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. नकली माल बनविणारे डबा हुबेहूब छापतात. पट्टीवर मात्र पुष्कळदा काहीच नसते, किंवा भलतेच असते.

दुसरी गोष्ट, मानक. ब्रेकच्या अस्तरासाठी भारतीय मानक 'आय.एस. २७४२' आहे. त्याचा उल्लेख आहे का ते पाहावे.

तिसरी गोष्ट, पकडीची अक्षरे. पुष्कळ पॅडच्या कडेवर रोमन लिपीतील दोन अक्षरे असतात. ती अमेरिकी मोटार अभियंत्यांच्या पद्धतीची आहेत. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर साध्या तापमानाचे, दुसरे तापलेल्या स्थितीचे. 'एफ-एफ' असेल तर तापल्यावरही पकड टिकते. 'एफ-ई' असेल तर तापल्यावर ती घटते. मात्र अक्षर जितके पुढचे तितके बरे, असे समजू नये. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल राखून गाडीची रचना केलेली असते, म्हणून मूळ पॅडची जी अक्षरे तीच घ्यावीत. मसाला पट्टीला किती घट्ट चिकटला आहे, हे या अक्षरांवरून कळत नाही. त्यासाठी उत्पादकाचे नाव आणि आपली नजर यांवरच भिस्त. कडेला चीर किंवा फट दिसली, की पॅड परत करावा.

चौथी गोष्ट, ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि मग लवकर उकळते. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. 'डॉट ४'साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच घालावी, साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि कपाटात उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नये. इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

काटकसर कोठे करावी?

पॅड बदलला की डिस्कही बदललीच पाहिजे असे नाही. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मिस्त्रीकडून ती मोजून घ्यावी. जाडी पुरेशी असेल, तबकडी सरळ असेल आणि तिच्यावर चिरा वा खोल चरे नसतील, तर तीच चालते. येथे मोठा खर्च वाचतो. पॅडचा मसाला तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलावा. वेळेवर बदलला नाही तर लोखंड लोखंडावर घासून चांगली डिस्क वाया जाते. आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल ब्रेकमध्ये वाळून बसतो आणि चिमट्याच्या पिना अडकतात. त्या साफ करून योग्य ग्रीस लावायला थोडाच खर्च येतो, आणि पॅडही सारखे झिजतात.

एका बाजूचा पॅड बदलून दुसरीकडे जुना ठेवण्याची काटकसर मात्र करू नये; गाडी एकीकडे ओढते. नवे पॅड बसविल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर, अडचण नसेल तेव्हा, ब्रेक हळुवार दाबावेत, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात.

आणि पक्के बिल घ्यावे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर, आणि काही परिस्थितीत विक्रेत्यावरही टाकली आहे. परंतु बिल नसेल तर माल त्याच दुकानातला, हे सिद्ध कसे करणार? माझ्याजवळ बिल नव्हते. तक्रार करावी असे मनात आले, पण हातात कागद नव्हता.

त्यानंतर एका उत्पादकाच्या डब्यातले पॅड मी बिलासह घेतले. गाडीच्या कंपनीच्या डब्यापेक्षा ते कमी किमतीत मिळाले आणि ते आजतागायत नीट चालले आहेत. स्वस्त वस्तूची किंमत दुकानात कळते; ती परवडली की नाही, हे पुढे वापरात कळते. वडील आताही माझ्या गाडीत पुढे बसतात. उसाची ट्रॉली दिसली की त्यांचा उजवा पाय नकळत पुढे होतो, जणू त्यांच्यापुढेही एक पेडल आहे. मी तेव्हापासून गाडी थोडी सावकाशच चालवितो.