गालिचा आधी उलटा करून बघा

आज युसूफ वडगावातून मी गालिच्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या घरात सतरंजी नि गोधडी, गालिच्याचं काय एवढं? सांगते.

मागच्या लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या एका बाईनं लेकीच्या रुखवतात मांडायला दारावर आलेल्या माणसाकडून गालिचा घेतला. "इराणी आहे, हातचा आहे," असं सांगून त्यानं नऊ हजार घेतले. बाईनं ते बचत गटातून उचलले. दोन महिन्यांत गालिच्याच्या पाठीचं कापड सुटलं आणि आतून वाळलेल्या गोंदाचा भुगा पडायला लागला.

हातानं गाठी मारून विणलेला गालिचा असा कधीच सुटत नाही, कारण त्यात गोंद नसतोच. उभ्या मागावर सुताचे उभे धागे ताणून बांधतात. विणणारी लोकरीचा तुकडा घेते, एका धाग्याभोवती पूर्ण गुंडाळते, शेजारच्या धाग्यामागून काढते आणि कापते. झाली एक गाठ. ही इराणी गाठ. तुर्की गाठीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढा घालते. गाठींची एक ओळ झाली की आडवा धागा घालायचा, जड फणीनं ठोकून बसवायचा आणि पुढची ओळ धरायची.

आता हिशेब करू. चार बाय सहा फुटांचा गालिचा, चौरस इंचाला 150 गाठी. एकूण झाल्या 5 लाख 18 हजार 400. दिवसाला आठ हजार गाठी मारल्या तरी एका बाईचे पासष्ट दिवस जातात. लोकर, रंग, धुलाई वेगळी. मग नऊ हजारांत तिच्या हाती काय पडेल, तुम्हीच सांगा.

आणि विणणाऱ्या खरंच बाया असतात. इराणमधलं काशान हे गालिच्यांचं जुनं गाव. 2010 च्या सुमारास तिथं जवळपास तीन माणसांमागे एक जण या कामात होता आणि त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त बाया होत्या. आई-आजीच्या शेजारी बसून मुली शिकतात. डाळिंबाची साल, अक्रोडाची साल, मंजिष्ठेच्या कुळातलं मूळ, द्राक्षाची पानं यांपासून रंग करतात. 2010 मध्ये युनेस्कोनं या कौशल्याची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा आहे, हिजरी 946 चा, म्हणजे 1539-40 चा. त्यात अडीच कोटींहून जास्त गाठी आहेत. त्यावर नाव आहे मक्सूद काशानी या एकाच माणसाचं. एवढ्या गाठी एकट्यानं मारल्या असतील का? मला तरी पटत नाही.

आपल्या देशात हे काम काश्मीर, भदोही, मिर्झापूर, जयपूरकडे चालतं. इंग्रजांच्या काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैदीही गालिचे विणत. आणि ‘गालिचा’ हा शब्दच फारसीतून आलेला; मूळ अर्थ, लहान ‘काली’.

तर घेताना काय बघायचं? गालिचा आधी उलटा करा. पाठीवर नक्षी पुढच्यासारखीच उमटलेली आणि एकेक गाठ दिसली पाहिजे. कापड चिकटवलेलं असेल तर ठेवून द्या. कडेच्या झालरी ओढून बघा: हातच्या गालिच्यात त्या आतल्या उभ्या धाग्यांचीच टोकं असतात, यंत्राच्या गालिच्याला बहुतेक वरून शिवलेल्या. पांढरा रुमाल ओला करून घासा, रंग उतरतो का बघा. एक सुटा तंतू जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटानं चुरते. नायलॉन वितळून त्याची कडक गोळी होते. घोंगडीचा वास ओळखणाऱ्या आपल्या बायकांना हे काय अवघड आहे!

यंत्राचा गालिचा वाईट नसतो हो. यंत्राचा म्हणून, यंत्राच्या भावानं घ्या.

त्या बाईचे हप्ते अजून चार महिने चालतील. गालिचा सध्या गोठ्याच्या दाराशी पाय पुसायला आहे.